एनएचएलचा उन्हाळा: ट्रेडच्या अफवा आणि पगाराच्या मर्यादेचं गणित – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून महिन्यात विजेतेपदाचा चषक, म्हणजे स्टॅनली कप, कुणीतरी उंचावतं आणि उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीचा दुसरा मोसम सुरू होतो. त्यात बर्फ नसतो. असतात करार, फोन, ट्रेड (म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) आणि असंख्य अफवा. टोरांटो, एडमंटन किंवा न्यू जर्सीत राहणारे मराठी चाहते आणि पहाटे उठून मोबाइलवर सामने पाहणारे इथले चाहते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं एक ठाम मत आहे आणि ते जवळपास प्रत्येक उत्तरात डोकावेल: ट्रेडची बातमी आली की खेळाडूचं नाव नंतर पाहा, आधी त्याचा करार वाचा.

ही आपली हॉकी नव्हे ना? आणि यात आयपीएलसारखा लिलाव असतो का?

नाही, ही मैदानी हॉकी नाही. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीग, आइस हॉकीची ३२ संघांची लीग. त्यातले २५ संघ अमेरिकेत आणि ७ कॅनडात आहेत. लिलाव इथे होत नाही. आयपीएलमध्ये किंवा हॉकी इंडिया लीगमध्ये प्रत्येक संघाला लिलावासाठी ठरावीक रक्कम मिळते आणि बोली लागते. एनएचएलमध्ये खेळाडू आणि संघ थेट वाटाघाटी करून अनेक वर्षांचा करार करतात. तो करार संघाच्या मालकीचा ठेवा असतो आणि ओझंही असतो. ट्रेड होतो तो खरं म्हणजे कराराचा. खेळाडू त्या करारासोबत जातो.

पगाराची मर्यादा, म्हणजे ‘कॅप’, आली कधी?

२००५ साली. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या संघटनेच्या वादात रद्द झाला होता, स्टॅनली कप कुणालाच मिळाला नाही. मालकांना खर्चावर लगाम हवा होता आणि तो त्यांनी मिळवला. २००५-०६ मध्ये प्रत्येक संघाची कमाल मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर ठरली. ही कॅप कडक आहे. जास्तीचा कर भरून वर जाण्याची जी सोय अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या लीगमध्ये आहे, ती इथे नाही.

हा आकडा कोण ठरवतं आणि आता तो किती आहे?

लीगचं हॉकीतून येणारं उत्पन्न मोजलं जातं आणि ते मालक व खेळाडू यांच्यात निम्मंनिम्मं वाटलं जातं. २०१३ पासून हा ५०-५० चा हिशेब आहे, त्याआधी खेळाडूंचा वाटा मोठा होता. उत्पन्न वाढलं की मर्यादा वाढते.

कोविडच्या काळात प्रेक्षकच नव्हते, त्यामुळे मर्यादा ८ कोटी १५ लाख डॉलरवर तीन मोसम गोठली, आणि त्यानंतरही दोन वर्षं ती केवळ दहा-दहा लाखांनी सरकली. त्या काळात झालेले अनेक ट्रेड आजच्या चाहत्याला न समजण्यासारखे वाटतात. चांगले खेळाडू जवळपास फुकट दिले गेले, कारण संघांना माणूस नको नव्हता, त्याच्या पगाराची जागा हवी होती. २०२४-२५ मध्ये मर्यादा ८ कोटी ८० लाख झाली आणि २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख. त्यापुढच्या दोन मोसमांसाठी लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने जाहीर केलेले आकडे १० कोटी ४० लाख आणि ११ कोटी ३५ लाख डॉलरचे आहेत.

किमान मर्यादाही असते, हे बरेच जण विसरतात. २०२५-२६ मध्ये ती ७ कोटी ६ लाख आहे. गरीब किंवा नव्याने बांधणी करणाऱ्या संघालाही एवढा खर्च दाखवावाच लागतो. या तळाच्या आकड्यामुळे काही अजब व्यवहार होतात, त्यांची गोष्ट पुढे आहे.

‘कॅप हिट’ म्हणजे खेळाडूचा त्या वर्षाचा पगार का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कॅप हिट म्हणजे कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं. लिओन ड्रायसायटलने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एडमंटनशी ८ वर्षांचा ११ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. कॅप हिट झाला दर वर्षी १ कोटी ४० लाख. मग एखाद्या वर्षी हातात प्रत्यक्ष किती पैसे पडतात, त्यात करार झाल्याबद्दलचा बोनस किती, हा हिशेब वेगळा.

या सरासरीच्या नियमाचा एके काळी भरपूर फायदा उठवला गेला. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार दिला. शेवटच्या वर्षांत नाममात्र पगार ठेवला होता आणि तेव्हा तो ४४ वर्षांचा होणार होता. तोपर्यंत कुणीच खेळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती वर्षं केवळ सरासरी खाली खेचण्यासाठी जोडली होती. लीगने करार नामंजूर केला, लवादाने लीगची बाजू उचलून धरली आणि संघाला दंडही झाला. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०१३ च्या सामूहिक करारात मग मुदतीलाच मर्यादा आली: स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त ८ वर्षं, बाहेरच्याला ७. सप्टेंबर २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या सामूहिक करारात हे आकडे ७ आणि ६ आहेत.

एका खेळाडूचा कॅप हिट संघाच्या कमाल मर्यादेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात आमचा संघ मर्यादेच्या वर दिसतो. हे चालतं का?

चालतं. मोसम संपल्यानंतर सराव शिबिराच्या शेवटच्या दिवसापर्यंत संघ १० टक्के वर जाऊ शकतो. म्हणून जुलैमध्ये ‘आता यांना कुणाला तरी विकावंच लागेल’ अशी ओरड ऐकू आली तर शांत राहा. संघाकडे ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. मात्र जसजसा सप्टेंबर जवळ येतो तसतशी समोरच्याची ताकद वाढते, कारण तुमची अडचण सगळ्या ३१ संघांना दिसत असते. शहाणा व्यवस्थापक, म्हणजे जीएम, आपली अडचण जूनमध्येच सोडवतो.

उन्हाळ्यात कुठल्या तारखा महत्त्वाच्या?

जूनच्या उत्तरार्धात बायआउटची, म्हणजे पैसे देऊन करार मोडण्याची, मुदत उघडते आणि ३० जूनला संपते. जूनच्या शेवटी सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ आळीपाळीने नव्या तरुण खेळाडूंची निवड करतात. ट्रेडच्या दृष्टीने हे दिवस सगळ्यात धामधुमीचे, कारण भविष्यातल्या निवडी हेच चलन असतं आणि ते त्या दिवशी वापरलं जातं. १ जुलैला दुपारी १२ वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार, मुक्त खेळाडूंचा बाजार सुरू होतो. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. पहिल्या दोन-तीन तासांतच बहुतेक मोठी नावं संपतात. जुलैच्या उत्तरार्धात पगाराच्या वादांवर लवादाच्या सुनावण्या होतात आणि ऑगस्ट बऱ्यापैकी निवांत जातो.

‘मर्यादित’ आणि ‘पूर्ण मुक्त’ खेळाडू यांत काय फरक आहे?

२७ वर्षांचं वय किंवा लीगमधले ७ मोसम पूर्ण झाले आणि करार संपला की खेळाडू पूर्ण मुक्त होतो. कुठेही जाऊ शकतो, जुन्या संघाला काहीच मिळत नाही. त्याआधी करार संपला तर तो मर्यादित मुक्त असतो: दुसरा संघ त्याला देकार देऊ शकतो, पण जुन्या संघाला सात दिवसांत तेवढाच पगार देऊन त्याला ठेवून घेण्याचा हक्क असतो. ठेवलं नाही तर मोबदला म्हणून पगाराच्या प्रमाणात ड्राफ्टमधल्या निवडी मिळतात. या देकाराला ‘ऑफर शीट’ म्हणतात.

वर्षानुवर्षं हे शस्त्र म्यानातच असायचं. मग ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईस ब्लूजने एकाच दिवशी एडमंटनच्या दोन तरुणांना ऑफर शीट दिली. बचावपटू फिलिप ब्रोबर्गला वर्षाला ४५,८०,९१७ डॉलर आणि डिलन होलोवेला २२,९०,४५७ डॉलर. हे विचित्र आकडे मुद्दाम निवडलेले होते. मोबदल्याच्या तक्त्यातल्या आपापल्या गटाचं ते अगदी वरचं टोक होतं. एक डॉलर जास्त दिला असता तर सेंट लुईसला जास्त मौल्यवान निवडी द्याव्या लागल्या असत्या. मोबदल्यात संघाची स्वतःचीच निवड द्यावी लागते, म्हणून सेंट लुईसने दुसऱ्या फेरीची आपली निवड आधी पिट्सबर्गकडून परत मिळवली.

एडमंटन नुकताच अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात हरला होता आणि जुलैमध्ये अनुभवी आघाडीपटू आणून मर्यादेला टेकला होता. दोघांना ठेवायला जागा उरली नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची एकेक निवड घेऊन त्यांनी दोघांनाही जाऊ दिलं. सेंट लुईसने ही चाल खेळाडूंइतकीच एडमंटनचा पगारपट वाचून खेळली. उन्हाळ्यातल्या नियोजनाचा इतका स्वच्छ धडा दुसरा नाही, असं मला वाटतं.

संघाकडे जागा नसेल तर ती करायची कशी?

सरळ मार्ग म्हणजे खेळाडू ट्रेड करणं. करार जड असेल तर तो घेणाऱ्याला सोबत चांगली निवड किंवा होतकरू तरुण द्यावा लागतो.

दुसरा मार्ग पगाराचा वाटा स्वतःकडे ठेवण्याचा. ६० लाखांच्या खेळाडूला देताना जुना संघ निम्मा, म्हणजे ३० लाखांचा भार करार संपेपर्यंत आपल्या डोक्यावर ठेवू शकतो. घेणाऱ्याला खेळाडू अर्ध्या किमतीत पडतो, म्हणून तो जास्त मोबदला देतो. एका संघाला एका वेळी असे तीनच करार सांभाळता येतात. पूर्वी तिसरा संघ मध्ये घालून उरलेल्याचा पुन्हा निम्मा भाग त्याच दिवशी त्याच्या माथी मारता येत असे. आता अशा दोन व्यवहारांमध्ये ७५ दिवसांचं अंतर लागतं.

खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवणं हा तिसरा मार्ग, पण त्याने फारसं साधत नाही. २०२५-२६ मध्ये कॅप हिटमधले जेमतेम ११ लाख ५० हजार डॉलरच सुटतात, बाकीचा भार मोजला जातो.

आणि बायआउट?

हा सगळ्यात वेदनादायक उपाय. संघ करार मोडतो, उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम देतो आणि ती उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात वाटतो. खेळाडू २६ पेक्षा लहान असेल तर एक तृतीयांश. समजा ३० वर्षांच्या खेळाडूची दोन वर्षं उरली आहेत, पगार ३०-३० लाख आणि बोनस काही नाही. उरलेले ६० लाख, त्याचे दोन तृतीयांश ४० लाख, चार वर्षांत विभागले तर वर्षाला १० लाख. पहिली दोन वर्षं २०-२० लाखांची जागा मिळाली, पण पुढची दोन वर्षं न खेळणाऱ्या माणसासाठी १०-१० लाख गेले. करारात बोनसचा भाग मोठा असेल तर हे गणित आणखी बिघडतं, कारण बोनसला सूट नसते. घर विकून झाल्यावरही कर्जाचे हप्ते चालू राहावेत, तसा हा प्रकार.

मिनेसोटा वाइल्डच्या चाहत्यांना हे कुणी समजावून सांगायला नको. ४ जुलै २०१२ रोजी त्यांनी झॅक परीझे आणि रायन सूटर यांच्याशी प्रत्येकी १३ वर्षं, ९ कोटी ८० लाख डॉलर असे अगदी सारखे करार केले. २०२१ च्या जुलैमध्ये दोन्ही करार एकाच दिवशी मोडले. त्यानंतर २०२२-२३ मध्ये सुमारे १ कोटी २७ लाख, आणि पुढची दोन वर्षं सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर असा मृत भार त्यांच्या खात्यावर होता. २०२३-२४ ची मर्यादा होती ८ कोटी ३५ लाख, म्हणजे एकूण पैशाच्या सहाव्या भागाहून जास्त रक्कम दुसऱ्या संघांकडून खेळलेल्या दोन माणसांवर गेली. २०२५-२६ पासून हा भार वर्षाला सुमारे १७ लाखांवर आला असून तो २०२८-२९ पर्यंत राहील. एवढं सोसूनही त्या संघाने त्या काळात स्पर्धेत राहण्याची धडपड सोडली नाही, याचं मला मनापासून कौतुक आहे.

जो खेळाडू पुन्हा कधीच खेळणार नाही, त्याचा करार एखादा संघ का घेतो?

किमान मर्यादेमुळे. कागदावर खर्च दाखवायचा असतो, खिशातून फारसा करायचा नसतो. जखमी खेळाडूचा बराचसा पगार अनेकदा विमा कंपनी देते. वर ड्राफ्टमधली निवडही मिळते.

२०१६ च्या जूनमध्ये पावेल दात्सुक रशियाला परतायचं ठरवून बसला होता आणि डेट्रॉइटच्या खात्यावर त्याचा ७५ लाखांचा कॅप हिट उरला होता. अ‍ॅरिझोनाने तो करार उचलला आणि त्याच व्यवहारात डेट्रॉइटला खालच्या क्रमांकाच्या निवडी देऊन त्यांची १६ वी निवड मिळवली. त्या निवडीवर आला जेकब चिकरन, जो पुढे लीगमधला उत्तम बचावपटू झाला. दात्सुकने अ‍ॅरिझोनासाठी एकही सामना खेळला नाही.

शे वेबरची कथा याहून लांब आहे. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला १४ वर्षांची, ११ कोटी डॉलरची ऑफर शीट दिली. नॅशव्हिलने तेवढेच पैसे मोजून त्याला ठेवलं. २०१६ मध्ये तो माँट्रियलला गेला, २०२१ मध्ये कर्णधार म्हणून संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला आणि त्यानंतर शरीराने साथ सोडली. माणूस घरी, करार मात्र प्रवासात: आधी व्हेगास, मग अ‍ॅरिझोना, संघासोबत यूटा, तिथून २०२५ मध्ये शिकागो. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये सन्मानाने घेतलं गेलं, तेव्हाही त्याचा करार चालूच होता.

दीर्घ जखमी यादीचा वापर करून संघ मर्यादा चुकवतात, हे खरं का?

नियमात बसणारं होतं, म्हणून ‘चुकवतात’ हा शब्द मी वापरणार नाही. १० सामने आणि २४ दिवस बाहेर राहणाऱ्या खेळाडूला या यादीत टाकलं की त्याच्या पगाराइतकं मर्यादेच्या वर जाता यायचं. आणि बाद फेरीत मर्यादा मोजलीच जात नव्हती. टँपा बेचा निकिता कुचेरोव २०२०-२१ चा संपूर्ण साखळी मोसम शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. बाद फेरीत परतला, ३२ गुणांसह (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) सर्वांत पुढे राहिला आणि संघाने कप जिंकला. मर्यादेपेक्षा १ कोटी ८० लाख डॉलर वर, असं लिहिलेला टी-शर्ट त्याने जल्लोषात घातला. २०२३ मध्ये व्हेगासचा कर्णधार मार्क स्टोन पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर थेट बाद फेरीत उतरला आणि कप जिंकून देणाऱ्या सामन्यात त्याने तीन गोल केले.

दोघांच्या दुखापती खऱ्या होत्या. पण इतर संघांच्या चाहत्यांना खटकलं, आणि रास्त खटकलं. २०२५-२६ पासून बाद फेरीतही प्रत्येक सामन्याला उतरणाऱ्या संघाचा हिशेब मर्यादेत बसावा लागतो. आणि जखमी खेळाडू त्याच मोसमात परतणार असेल तर त्याच्या जागी मिळणारी सवलत लीगच्या सरासरी पगारापुरतीच आहे. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

ट्रेडमध्ये रोख पैसे देता येतात का?

आता नाही. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनने वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला दिलं, तेव्हा खेळाडू आणि निवडींबरोबर दीड कोटी डॉलर रोख घेतले होते. कॅपच्या युगात तसा व्यवहार होऊ शकत नाही.

खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो?

करारात तसं कलम असेल तर. पूर्ण मुक्त होण्याइतकी सेवा किंवा वय झालेल्या खेळाडूलाच ते मिळतं. काहींचं कलम पूर्ण असतं, काहींचं ठरावीक संघांच्या यादीपुरतं. जीएमच्या हातात ३१ दरवाजे असतात असं आपण समजतो, प्रत्यक्षात कधी चार असतात, कधी एक.

कलम कधी लागू होतं ती तारीखही पाहा. २०१६ च्या जूनमध्ये माँट्रियलचे जीएम मार्क बर्जव्हँ सांगत होते की पी. के. सुबनला आपण विकायला काढलेलं नाही. त्याचं ट्रेडविरोधी कलम १ जुलैला सुरू होणार होतं. २९ जूनला सुबन नॅशव्हिलला गेला, बदल्यात आला वर सांगितलेला वेबर. ज्यांना ती तारीख माहीत होती, त्यांना धक्का कमी बसला.

अफवा खरी की खोटी, हे कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, पण बऱ्याच अफवा पाच मिनिटांत बाद करता येतात. आधी खेळाडूचं कलम पाहा. मग करार: किती वर्षं उरली, कॅप हिट किती. मग घेणाऱ्या संघाची जागा मोजा, आणि यावर्षीचीच नव्हे तर पुढच्या दोन वर्षांचीही, कारण तेव्हा त्यांच्याच कुठल्या तरुणांचे करार संपणार आहेत हे सहसा कुणी बघत नाही. दोन्हीकडचे पगार जुळत नसतील आणि बातमीत कुणी भार उचलणार याचा उल्लेखच नसेल, तर ती बातमी कुणाच्या तरी इच्छेतून आली आहे.

त्यानंतर विचारा की ही माहिती बाहेर येण्यात फायदा कुणाचा. एजंटला आपल्या खेळाडूसाठी बोली वाढवायची असते. जीएमला तिसऱ्या संघाला घाई करायला लावायची असते. बॉब मॅकेन्झी, एलियट फ्रीडमन, पियर लेब्रन यांच्यासारख्या पत्रकारांनी अनेक दशकं याच क्षेत्रात नाव कमावलं आहे. ‘बोलणी चालू आहेत’ आणि ‘रस दाखवला आहे’ या दोन शब्दप्रयोगांतला फरक ते काटेकोर पाळतात. त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेतलेली खोटी खाती मात्र दर उन्हाळ्यात निघतात, तेव्हा खात्याचं नाव अक्षर अन् अक्षर तपासा.

दुसऱ्या संघाच्या करारबद्ध खेळाडूबद्दल अधिकाऱ्यांनी जाहीर बोलणंही नियमात बसत नाही. २०१६ मध्ये व्हँकुव्हरच्या जीएमनी स्टॅमकोस आणि सुबनबद्दल रेडिओवर मोकळेपणाने बोलल्यामुळे संघाला ५० हजार डॉलर दंड झाला होता. म्हणून जीएमची मुलाखत ऐकून ट्रेडचा अंदाज बांधू नये.

मोठा खेळाडू सोडून दिलेला ट्रेड जिंकता येतो का?

२२ जुलै २०२२ चा ट्रेड घ्या. मॅथ्यू कचकने कॅलगरीला सांगितलं होतं की मी दीर्घ करार करणार नाही. त्याच महिन्यात दिवंगत जॉनी गॉड्रो मुक्त खेळाडू म्हणून कोलंबसला गेला होता आणि कॅलगरीच्या हाती काही लागलं नव्हतं. तेच दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून त्यांनी कचकला फ्लोरिडाला दिलं आणि बदल्यात जोनाथन ह्युबर्डो, मॅकेन्झी वीगर, आणखी एक तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीची निवड घेतली. त्या आठवड्यात बहुतेकांना वाटलं की कॅलगरीने अडचणीतून भरपूर मिळवलं. ह्युबर्डोने नुकतेच ११५ गुण केले होते.

मग करार बघा. कचक तेव्हा २४ वर्षांचा, त्याने ८ वर्षांसाठी वर्षाला ९५ लाख घेतले. ह्युबर्डो २९ वर्षांचा, त्याला कॅलगरीने ८ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी ५ लाख दिले, आणि हा करार सुरू होणार होता तो तिशीत. फ्लोरिडाने पुढच्या तीनही वर्षांत अंतिम फेरी गाठली आणि २०२४ व २०२५ मध्ये कप जिंकला. ह्युबर्डो पहिल्याच मोसमात ५५ गुणांवर घसरला. माणसं चांगलीच होती. फरक वयाचा आणि करार सुरू होण्याच्या तारखेचा होता. ट्रेडच्या दिवशी आपण गेल्या वर्षीचे गुण मोजतो, संघ मात्र पुढच्या आठ वर्षांचे पैसे देत असतो.

टोरांटोने मिच मार्नरला इतक्या स्वस्तात कसं जाऊ दिलं?

त्याचा करार ३० जून २०२५ ला संपत होता आणि त्याच्याकडे ट्रेडविरोधी कलम होतं. म्हणजे टोरांटोच्या हाती जवळपास काहीच नव्हतं. एकच गोष्ट होती: आठवं वर्ष. इतर संघ त्याला सात वर्षं देऊ शकत होते, आठ फक्त टोरांटो. म्हणून टोरांटोनेच ८ वर्षांचा, ९ कोटी ६० लाखांचा करार करून तो व्हेगासला पाठवला आणि निकोला रुआ हा एक मधल्या फळीतला खेळाडू मिळवला. शून्याऐवजी एक उपयोगी माणूस. टोरांटोच्या चाहत्यांचं दुःख मी समजू शकतो, पण चूक शोधायची असेल तर ती कलम दिलं त्या दिवसात शोधा.

राज्याचा आयकर नसलेल्या संघांना फायदा मिळतो का?

मिळतो. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा, टेनेसी, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तेवढ्याच कॅप हिटमध्ये खेळाडूच्या हातात जास्त पडतं. २०२० ते २०२५ च्या सहा कपांपैकी पाच टँपा, व्हेगास आणि फ्लोरिडाने नेले, म्हणून ही चर्चा तापली. पण कर त्यांच्याकडे आधीही नव्हता, आणि फ्लोरिडाने १९९६ नंतर २०२२ पर्यंत बाद फेरीतली एकही मालिका जिंकली नव्हती. कर मदत करतो. चांगला जीएम त्याहून जास्त मदत करतो.

मर्यादा झपाट्याने वाढते आहे. मग आता हे गणित सोपं झालं का?

बदललं, सोपं झालं नाही. किरिल कप्रिझोवने सप्टेंबर २०२५ मध्ये मिनेसोटाशी ८ वर्षांचा, १३ कोटी ६० लाखांचा करार केला. वर्षाला १ कोटी ७० लाख, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा. त्यानंतर काही दिवसांतच कॉनर मॅकडेव्हिडने एडमंटनशी फक्त दोन वर्षांचा, वर्षाला १ कोटी २५ लाखांचा करार केला, म्हणजे आठ वर्षांपूर्वी ठरवलेल्याच पगारावर. त्याला संघात चांगली माणसं घ्यायला जागा ठेवायची होती आणि पुढचा निर्णय स्वतःच्या हातात ठेवायचा होता. जगातला सर्वोत्तम खेळाडू स्वतःहून लाखो डॉलर टेबलावर सोडतो, तेव्हा त्याच्या संघाने प्रत्येक डॉलर नीट वापरला पाहिजे.

वाढत्या मर्यादेत सगळ्यांकडेच जागा असते, म्हणून नुसती जागा विकून निवडी मिळवण्याचे दिवस ओसरतात. तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या खेळाडूंचे पगार फुगतात. आणि आज तरुणाशी लांब करार करणारा संघ तीन वर्षांनी शहाणा ठरतो, कारण रक्कम तीच राहते, तिचं प्रमाण घटतं.

हे सगळे आकडे पाहायचे कुठे?

अनेक वर्षं चाहते, पत्रकार, इतकंच काय काही संघही कॅपफ्रेंडली हे संकेतस्थळ वापरायचे. २०२४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने ते विकत घेतलं आणि जुलैत ते सर्वसामान्यांसाठी बंद झालं. आता पकपीडियावर प्रत्येक संघाचा पगारपट, करारांची मुदत, ट्रेडविरोधी कलमं आणि बायआउटचं गणक मोफत मिळतं. सुरुवात आपल्या संघापासून करा. पुढच्या उन्हाळ्यात कुणाकुणाचे करार संपतात तेवढा एक रकाना वाचा, ट्रेडच्या अर्ध्या बातम्या त्यातूनच जन्माला येणार आहेत.